इंदूताईंचा बोर्ड

इंदूताईंच्या दारात कुणीही आलं, अगदी गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेला माणूस असला, तरी त्याला पहिलं वाक्य एकच ऐकायला मिळायचं, "थांबा, गाणं संपू द्या." मग तो बिचारा सिलिंडर तोलत उभा राहायचा. आत कुठलंसं भावगीत शेवटच्या कडव्यात असायचं आणि ताई खुर्चीत पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसलेल्या असायच्या. गाणं पुरतं संपलं, शेवटचा पेटीचा सूरही विरला, की त्या उठायच्या आणि म्हणायच्या, "हं, बोला." ते 'बोला' इतकं स्वच्छ आणि इतकं सरकारी असायचं, की आपण कशासाठी आलो होतो तेच माणूस विसरून जायचा. मी तर हमखास विसरायची. साखर मागायला जायची आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत यायची.

मी बदनापूरला शाळेत शिक्षिका होते. स्टेशनच्या बाजूच्या वसाहतीत आमचं आणि त्यांचं घर एकमेकांना लागून, मधे कमरेएवढी भिंत. त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. एक्याऐंशीच्या आसपास नोकरीला लागल्या, तेव्हा फोन म्हणजे बोर्ड, बोर्डावर भोकं, आणि भोकात खुपसायच्या दोऱ्या. कुणाला कुणाशी बोलायचं असलं की मधे ताई. ते एक्स्चेंज जाफराबादकडच्या एका गावात होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ताईंनाही ते आवडलं नसतं. पुढे सगळीकडे आपोआप लागणारे फोन आले, बोर्ड भंगारात गेले, ताईंनी लवकर निवृत्ती घेतली आणि त्या बदनापूरला येऊन राहिल्या. एकट्याच. लग्न का नाही केलं, असं मी एकदा आगाऊपणाने विचारलं होतं. "लाइन लागली न्हाई," एवढंच म्हणाल्या, आणि चहात आलं किसायला लागल्या.

त्यांच्या सगळ्या बोलण्यात हे फोनचं खातं असायचं. आमचे हे अबोल. त्यांच्याविषयी ताईंचं मत होतं, "तुमच्या मिस्टरांची रिंग जाते मास्तरीण, पण उचलत न्हाईत." समोरच्या वकिलांच्या सौभाग्यवती सतत बोलायच्या, त्यांना ताई 'एंगेज' म्हणायच्या. डाव्या कानात त्या कुडी घालत नसत. उजव्या कानात मोत्याची, डावा कान रिकामा. नोकरीत हेडफोन टोचायचा म्हणून काढून ठेवलेली ती कुडी त्यांनी पुन्हा घातलीच नव्हती. वसाहतीतल्या बायका त्यावरून हसायच्या. हसणाऱ्यांत मीही होते, हे कबूल करते.

महिन्यातून एकदा त्यांच्याकडे एक म्हातारी यायची. गयाबाई तिचं नाव. टेंभुर्णीहून एसटीने जालना, जालन्याहून दुसऱ्या एसटीने बदनापूर. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत कधी वाल, कधी चार कणसं. ओट्यावर बसायची, पाणी प्यायची आणि विचारायची, "फोनबाई, आला का वं फोन?"

"न्हाई आला, मावशी."

"त्या दिशी लाइन तुटली. न्हाई तर त्यो सांगनारच व्हता काही तरी."

"हो मावशी. लाइन तुटली."

बस. एवढंच बोलणं. नंतर गयाबाई वालाच्या शेंगा सोलून द्यायची, चहा घ्यायची, दुपारच्या गाडीने परत. तिचा मुलगा बबन सुरतेला कामाला गेला होता आणि पंचवीस वर्षांपूर्वी एक फोन करून मग गडप झाला होता, एवढं मला ठाऊक होतं. सुरतेला जाऊन माणसं शोधून आली होती, पत्रं घातली होती. काही हाती लागलं नव्हतं. मला वाटायचं, किती चांगल्या आहेत ताई, एका परक्या बाईच्या समाधानासाठी दर महिन्याला तेच उत्तर तितक्याच शांतपणे देतात. पण मावशी गेल्या की त्या दिवशी ताई जेवत नसत. हे मी पोळ्यांच्या डब्यावरून ओळखलं होतं, कारण त्या दिवसाच्या पोळ्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरून आमच्याकडे फोडणीसाठी यायच्या.

आता गाण्यांकडे येते. ताईंकडे कॅसेटींची तीन लोखंडी कपाटं होती. भावगीतं, नाट्यपदं, कव्वाल्या, हैदराबादेकडच्या कुठल्या कुठल्या गजला, सगळी सरमिसळ. निवृत्तीनंतर त्यांचं कामच ते. सकाळी अंघोळ झाली की टेप सुरू. पण तो लोडशेडिंगचा काळ होता. आमच्याकडे दिवसातून आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसायची, आणि जायची तीही कसलं वेळापत्रक न पाळता. गाणं ऐन रंगात आलेलं आणि टेपचा आवाज जड होत होत घोगरा होऊन बंद. आम्ही सगळे वैतागायचो, शिव्या द्यायचो. ताई शिव्या देत नसत. त्या उठून बाहेर ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या, आणि वीज येईपर्यंत आत जात नसत.

त्यांचा भाचा मंदार पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. आत्याचा लाडका. त्याने मनावर घेतलं. एका सुटीत तो मोठा कॉम्प्युटर घेऊन आला, टेप त्याला जोडला, आणि कॅसेटी कॉम्प्युटरमध्ये भरायला शिकवून गेला. एका तासाची कॅसेट भरायला एक तास लागायचा. ताईंना त्याची घाई नव्हती. विजेसाठी त्याने इन्व्हर्टर बसवून दिला. पेढे वाटले गेले. मी ते खाल्ले.

चौथ्या दिवशी दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरने टक् केलं, पंखे फिरायला लागले, पण त्या टक् होण्याच्या निमिषात कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. गाणं तुटलं. मी भिंतीशी पापड वाळत घालत होते. आतून काहीच आवाज आला नाही म्हणून डोकावले, तर ताई जमिनीवर बसलेल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले. मी भिंत ओलांडून गेले. चाळिशीनंतर मी तेवढी एकदाच भिंत ओलांडली आहे.

"ताई, काय झालं? गाणंच तर होतं. पुन्हा लावा."

"लाइन तुटली नव्हती, मास्तरीण," त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांनी ते एका दमात सांगितलं, आणि मी तेव्हापासून ते पोटात ठेवलं. आज दोघीही नाहीत म्हणून लिहिते.

त्या एक्स्चेंजमधून जालन्याला एकच ट्रंक लाइन होती. बाहेरगावचा प्रत्येक फोन त्या एका लाइनवरून. तीन मिनिटं झाली की वेळ वाढवायची का ते विचारायचं, आणि पुढे कुणी थांबलं असेल तर फार न ताणता तोडायचं, असा रिवाज. बाकीच्या ऑपरेटर थोडं इकडेतिकडे करायच्या, कुणी रडत असलं तर घड्याळाकडे पाहायच्या नाहीत. ताई मात्र कडक. "माझ्या बोर्डावर सव्वातीन मिनिटं कुणाला मिळाली न्हाईत," असं त्या तेव्हा मिरवायच्या. तिशीच्या होत्या. बायकांना जमत नाही म्हणणाऱ्यांना दाखवून द्यायचं होतं.

त्या दिवशी गयाबाई सकाळपासून एक्स्चेंजमध्ये येऊन बसली होती. बबनने कार्ड टाकून दिवस कळवला होता. फोन लागला. दोन-अडीच मिनिटं मायलेकरं 'ऐकू येतंय का' आणि 'जेवला का' यातच राहिली. दुसरा एक फोन थांबलेला होता, कुणा अडत्याचा, मुगाच्या भावाचा. तीन मिनिटं झाली. बबन म्हणत होता, "माय, एक सांगायचं राह्यलं..." आणि ताईंनी दोरी उपसली.

"मी ऐकून राह्यले होते, मास्तरीण. त्यानं श्वास घेतला तो बी मला ऐकू आला. आणि मी तोडली. अडत्याची लाइन दिली. मावशी बूथमधून बाहेर आल्या, म्हणाल्या, 'बाई, तुटली का वं?' मी म्हणलं, 'हो, तुटली.'"

मी वर्गात दरवर्षी हे शिकवायचे. फळ्यावर लिहायचे, दोरी तुटली, दोरी तोडली. पहिल्यात कुणाचं काही नाही, दुसऱ्यात करणारा कुणीतरी आहे. मुलं चुकायची तर मी हातावर पट्टी मारायचे. त्या दिवशी ताईंना मात्र मी "रिवाजच होता ना तो," असं काहीतरी म्हणाले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"रिवाज होता. पण मी विचारलं न्हाई. 'वाढवायची का' म्हणून विचारायचं असतं. मला वाटलं, विचारलं तर हो म्हणतील."

"मग मावशींना सांगा ना आता."

"सांगितलं तर त्या यायच्या बंद होतील. न्हाई सांगितलं तर येत राहतील. मला दोन्ही सोसत न्हाई."

त्या दिवसानंतर मला झोपेतसुद्धा तो अर्धा राहिलेला मुलगा ऐकू यायला लागला. मी त्याला पाहिलं नव्हतं, त्याचा आवाज ऐकला नव्हता. तरी भाकरी थापताना एकदम वाटायचं, काय सांगायचं असेल? लग्न केलं असेल? आजारी असेल? परत येतो म्हणत असेल? ताईंनी हे पंचवीस वर्षं कसं बाळगलं असेल, या विचारात तव्यावरची भाकरी करपायची. गाणी अर्ध्यात तुटलेली त्यांना का चालत नव्हती ते कळलं, आणि कळून उपयोग काहीच झाला नाही.

मंदारला यातलं काही माहीत नव्हतं. आत्याला गाणं तुटलेलं खपत नाही एवढंच त्याला ठाऊक, आणि तो जिद्दीचा. पुढच्या खेपेला त्याने वहीएवढा एक काळा डबा आणला. कुठल्याशा ऑफिसात टाकाऊ झालेला छोटा कॉम्प्युटर. आत पंखा नाही, आवाज नाही, आणि वीज खायचा ती घरातल्या साध्या दिव्यापेक्षाही कमी. गंमत अशी की तो बारा व्होल्टवर चालायचा. म्हणजे इन्व्हर्टरची भानगडच नको. मंदारने त्याला थेट बॅटरी जोडली, आणि बॅटरीला चार्जर. वीज असली की बॅटरी भरत राहणार, वीज गेली की डब्याला पत्ताच लागणार नाही. गाडीत बसवतात तसा एक बारा व्होल्टचा अॅम्प्लिफायरही त्याच बॅटरीवर. पहिल्या दिवशी वीज गेली तेव्हा आम्ही तिघं श्वास रोखून उभे होतो. पंखा थांबला, फ्रिज थांबला, दिवा गेला. गाणं चालू राहिलं. ताईंनी मंदारच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. एवढं प्रेम त्यांनी कुणावर उघड केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

डबा कुठे ठेवायचा यावरून मात्र आत्याभाच्यात जुंपली. मे महिन्यात आमच्याकडे लोखंडाला हात लावता येत नाही, आणि डब्याला पंखा नाही. ताईंनी तो स्वयंपाकघरात माठावरच्या फळीवर ठेवला.

"आत्या, खाली पाणी आहे!"

"म्हणून तर गार आहे. तुझ्या पुण्यातलं मला सांगू नको."

डबा पुढे सगळी वर्षं माठावरच राहिला आणि बिलकुल बिघडला नाही. मंदारने शेवटी हात टेकले.

मग त्याने आणखी एक केलं. डब्यातून तारा काढल्या आणि भिंतींवरून शेजारी नेल्या. आमच्याकडे मुलीसाठी घेतलेला कॉम्प्युटर होता. त्यावर डब्याचा पत्ता टाकला की ताईंकडे जे गाणं चालू असेल तेच आमच्याकडेही वाजायला लागायचं, त्याच ओळीला. चार घरांत अशी तार गेली. ताई त्याला बोर्ड म्हणायच्या. "तुम्हाला लाइन दिली," असं म्हणायच्या. माझा नंबर तीन. वकिलांचा चार. डब्याला जोडलेल्या लहानशा पडद्यावर त्यांना दिसायचं, की आत्ता कोण ऐकतंय, कधी जोडलं, कधी सोडलं. मंदारने ही सोय सहज करून दिली होती. त्याला काय ठाऊक, आपण कुणाच्या हाती काय देतोय ते.

दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून हाक आली. "मास्तरीण, काल सव्वादहाला गाणं अर्धं सोडून उठलात."

"अहो ताई, दूध उतू जात होतं."

"मंग गाणं संपल्यावर आणखी दूध आणायचं."

वकिलांच्या बायकोला तर त्यांनी भर रस्त्यात विचारलं, कालच्या कव्वालीत तुम्हाला काय खुपलं म्हणून. ती बाई घाबरून कॉम्प्युटर लावायचीच बंद झाली. आमच्याकडे असं झालं, की एकदा गाणं लावलं की कुणाची बंद करायची टाप नव्हती. आमचे हे पेपर वाचता वाचता नाराज चेहऱ्याने पूर्ण नाट्यपद ऐकायचे. पुढे त्यांना गोडी लागली ती वेगळी गोष्ट.

बोर्डावर सहा लाइनी होत्या. चार घरांत गेल्या. पोस्टातल्या कुलकर्णींनी पाचवी मागितली तर दिली. शाळेतल्या दुसऱ्या बाईंनी सहावी मागितली तेव्हा ताई म्हणाल्या, "भरला बोर्ड." मी मागून विचारलं, "ताई, एक शिल्लक आहे ना?" त्या पाठ फिरवून आत गेल्या. पुढे मी तो विषय काढला नाही. त्या पडद्याकडे पाहण्याचं मात्र मी टाळायला लागले. सहाव्या नंबरासमोर सुरतेहून जोडलेल्या कुणाचं नाव आलेलं दिसेल अशी वेडी भीती मला वाटायची.

गयाबाई येतच होती. तिला डब्याचं काही नव्हतं. गाणं चालू असलं तर ती गाणं संपेपर्यंत गप्प बसायची, मग विचारायची. उत्तर तेच मिळायचं. आता ते मला ठाऊक असल्यामुळे ऐकवत नसे. मावशी आली की मी घरात शिरायची.

त्या दिवशी मात्र मी अडकले. संक्रांतीनंतरचे दिवस होते, मी तीळगुळाचा डबा परत करायला गेले होते, आणि मागोमाग मावशी आली. आत एक जुनी कॅसेट भरलेली वाजत होती. ती कुणीतरी घरगुती बैठकीत भरलेली, म्हणून गाणं संपताना मागे कुणा म्हाताऱ्याचं खोकणं, कपबशांचा आवाज आणि "वा, वा, जियो" असं ऐकू यायचं. गयाबाईने दचकून आत पाहिलं.

"आत कोन हाय वं?"

"कुणी न्हाई मावशी. ते गाण्यातलंच आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं. त्या डब्यात भरून ठेवलंय."

"खोकनारा बाबा?"

"तो केव्हाच गेला असेल."

गयाबाई बराच वेळ माठाकडे, म्हणजे माठावरच्या त्या काळ्या डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पंचवीस वर्साचं बी निघतं का त्याच्यातून? मंग माह्या बबनचं काढा की."

ताई उभ्या होत्या त्या खाली बसल्या.

"ते भरलेलं न्हाई, मावशी."

"लाइन तुटली म्हनून न्हाई भरलं का?"

मला वाटलं, आता त्या हो म्हणतील. म्हणायला काही लागत नव्हतं. इतकी वर्षं म्हणत होत्याच. मला तर मनापासून वाटत होतं, की त्यांनी हो म्हणावं आणि हे टळावं.

"लाइन तुटली नव्हती, मावशी. मी तोडली."

गयाबाईला आधी कळलंच नाही. ताईंनी पुन्हा सांगितलं, सगळं. तीन मिनिटं, अडत्या, मूग, न विचारलेला प्रश्न. गयाबाई ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने पिशवी उचलली, ओट्याच्या पायरीपर्यंत गेली, एका पायात वहाण घातली. दुसरी घालताना थांबली.

"तुला समदं आयकू येत व्हतं का?"

"हो."

"मला नीट आयकू आलं नव्हतं. खरखर लई व्हती. म्या नुस्ती येतंय येतंय म्हनत व्हते." ती तशीच, एका पायात वहाण घालून, पायरीवर बसली. "मंग तूच सांग. काय काय म्हनला त्यो?"

मी निघायला लागले. ताईंनी हातानेच मला बसवलं. आणि त्यांनी डोळे मिटले, डाव्या कानावर तळवा ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. सांगायला म्हणजे त्या बोलायलाच लागल्या, मुलाचा आवाज वेगळा, आईचा वेगळा. मी आयुष्यात खूप ऐकलं आहे, पण असं नाही.

"माय, आयकू येतंय का?"

"येतंय, येतंय. तू कुढून बोलून राह्यला?"

"सुरतेहून, माय. दुकानातून. आयकू येतंय का?"

"येतंय. जेवला का?"

"जेवलो."

"काय जेवला?"

"भात."

"नुस्ता भात? भाकर न्हाई भेटत का तिथं?"

"भेटती, माय. पन तुह्यासारखी न्हाई. गाय व्याली का?"

"व्याली. गोऱ्हा झाला. कपाळावर पांढरं हाय."

"मंग चांद्या नाव ठिव त्याचं. बाप कुठंय?"

"शेतात गेल्ता सकाळीच. त्यो न्हाई रागावला आता. तू ये."

"माय, एक सांगायचं राह्यलं..."

इथे ताई थांबल्या. मांडीवरचा त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि काहीतरी उपसल्यासारखा मागे आला. त्यांना ते कळलंही नसावं.

गयाबाई रडली नाही. तिच्या ओठांवर काहीतरी हलत होतं. "चांद्या म्हनला का?" तिने विचारलं. "मला हे आयकूच आलं नव्हतं. आम्ही त्याचं नाव राजा ठिवलं." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्यांदा सांग."

ताईंनी पुन्हा सांगितलं. शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. मग गयाबाई दुसरी वहाण घालून निघून गेली. चहा घेतला नाही, पाणी प्यायली नाही, ताईंना ना काही बोलली ना त्यांच्याकडे पाहिलं. पिशवीतल्या शेंगा तशाच परत नेल्या.

तो महिना फार वाईट गेला. ताई कॅसेटी भरायच्या, गाणी लावायच्या, पण भिंतीवरून हाक येत नव्हती. मी एक-दोनदा मुद्दाम गाणं अर्ध्यात बंद केलं, निदान रागवायला तरी येतील म्हणून. आल्या नाहीत. "मावशी आता यायच्या न्हाईत," एवढंच एकदा म्हणाल्या.

पण गयाबाई आली. नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या गाडीने. ओट्यावर बसली. फोन आला का म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "सांग." आणि ताईंनी सांगितलं. तेव्हापासून ती दर महिन्याला त्याच्यासाठीच यायला लागली. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. रागावलीही नाही. यायची, पाणी प्यायची, म्हणायची, "सांग." प्रत्येक वेळी ताईंना ते तिथपर्यंत न्यावं लागायचं, आणि प्रत्येक वेळी तो हात मागे यायचा. ही शिक्षा होती की दुसरं काही, ते मला आजही ठरवता येत नाही.

मी एकदा न राहवून म्हणाले, "ताई, एकदा तुमच्या आवाजात भरून ठेवा ना डब्यात. दर वेळी तुम्हाला किती त्रास होतो."

"लाइन डब्यानं तोडली होती का, मास्तरीण?" त्या म्हणाल्या.

मी पुन्हा तसलं काही सुचवलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आम्ही औरंगाबादला मुलीजवळ राहायला गेलो. पुढच्याच उन्हाळ्यात ताई गेल्या, मला मंदारच्या फोनवरून कळलं. गयाबाई त्याच्या आधीच गेली होती. दोघींना शेवटचं पाहिलं ते आमचं सामान हलवायच्या दिवशी. ट्रक दारात लागला होता. मी निरोप घ्यायला भिंतीपाशी गेले.

दोघी ओट्यावर समोरासमोर बसल्या होत्या. पण काहीतरी बदललं होतं, ते माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ताई आता एकट्या बोलत नव्हत्या. त्या फक्त मुलाचं बोलत होत्या, आणि आईचं गयाबाई स्वतः बोलत होती. "जेवला का?" तिने विचारलं, खरंच विचारलं, आणि ताईंनी सांगितलं, "जेवलो." गाय व्याली, गोऱ्हा झाला. "चांद्या," गयाबाई म्हणाली, ते वाक्य तिचं नसूनही. ताई थांबल्या आणि मग पुढे गेल्या. बाप शेतात. तू ये.

"माय, एक सांगायचं राह्यलं..."

ताईंचा हात उचलला गेला. गयाबाईने पुढे वाकून तो मनगटाशी पकडला.

"नगं काढू."

"पुढचं मला म्हाईत न्हाई, मावशी."

"मला तरी कुठं म्हाईत हाय? पन त्यो हाय ना लाइनीवर. असू दे चालू."

ताईंच्या डाव्या कानावरचा तळवा तसाच होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. गयाबाईने मनगट सोडलं नाही. दोघी काहीतरी ऐकत असल्यासारख्या बसून राहिल्या. मी हाक मारली नाही. निरोप न घेताच मागे फिरले आणि ट्रककडे गेले.